कपड्याचा ब्रँड कसा तपासावा: खर्चीवाल्याच्या मुलीची पद्धत

गेल्या दिवाळीच्या आधी माझी भाची सई एक कुर्ता घेऊन पुण्यात माझ्याकडे आली. किंमत १,८९९ रुपये. कागदी टॅग जाड, खरखरीत, त्यावर हिरवं पान आणि ‘बांबूच्या धाग्यातून, निसर्गाच्या सोबतीनं’ अशी ओळ. टॅग तिनं तोडला नव्हता, कारण तीस दिवसांत कुर्ता परत करता येत होता. “मावशी, तू या लाइनमध्ये होतीस. हे खरं आहे का, तेवढं सांग,” ती म्हणाली.

नुसता कुर्ता बघून ते सांगता येत नाही. पण कुठे बघायचं आणि कुणाला काय विचारायचं, हे सांगता येतं. आम्ही दोघींनी तीन आठवडे तेच केलं. कॉलेजच्या अभ्यासातून वेळ काढून सईनं, आणि रात्री जेवणं झाल्यावर मी.

माझी माहिती कुठून आली तेही सांगते. माझे वडील इचलकरंजीत खर्चीवाले होते. म्हणजे माग आपले, वीजबिल आपलं, कामगार आपले. पण सूत व्यापाऱ्याचं आणि कापडही त्याचंच. आपल्याला मिळते ती मजुरी, आणि ती ठरते पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर. धरा, इंचात ५२ पिकांचं कापड आहे आणि पिकाला ५ पैसे ठरले, तर मीटरमागे २ रुपये ६० पैसे. आमचे सहा माग होते. आई कांड्या भरायची. मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा केला आणि पुढे अकरा वर्षं बेंगळुरूच्या एका एक्सपोर्ट हाउसमध्ये मर्चंडायझर होते. परदेशी ब्रँडच्या मेल मी वाचायचे आणि त्या मेलचं शिलाईच्या लाइनवर काय होतं, तेही बघायचे.

आधी कुर्ता उलटा करा

कागदी टॅग जाहिरात करणारे लोक लिहितात. बाजूच्या शिवणीत शिवलेलं छोटं पांढरं लेबल मालाच्या स्पेक शीटवरून, म्हणजे तपशिलाच्या कागदावरून येतं. दोन्ही शेजारी धरून वाचा. सईच्या कुर्त्याच्या आतल्या लेबलवर होतं: व्हिस्कोज ६८ टक्के, पॉलिस्टर ३२ टक्के. बांबूचा उल्लेखही नाही.

बांबूचं म्हणून मिळणारं कापड बहुतेक वेळा व्हिस्कोजच असतं. बांबूचा लगदा करतात, तो रसायनांत विरघळवतात आणि बारीक छिद्रांतून दाबून त्याचा धागा काढतात. त्यात कार्बन डायसल्फाइड वापरतात, आणि ते कामगारांच्या मज्जासंस्थेला घातक आहे. झाड बांबूचं की निलगिरीचं, यानं त्या कामगाराला काही फरक पडत नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये वॉलमार्ट आणि कोल्स या दोन साखळ्यांना व्हिस्कोज ‘बांबू’ म्हणून विकल्याबद्दल मिळून ५५ लाख डॉलर दंड भरावा लागला. लायोसेल हा तंतूही लगद्यापासूनच होतो, पण त्यातलं द्रावण जवळजवळ सगळं परत मिळवून पुन्हा वापरतात. म्हणून लेबलवर लायोसेल असेल तर मी त्याला व्हिस्कोजपेक्षा वरची जागा देते.

पॉलिस्टरचं मूळ खनिज तेल. ‘रिसायकल्ड पॉलिस्टर’ वाचून जुन्या कपड्यांपासून नवा कपडा झाला असं वाटतं, पण ते बहुतेक पाण्याच्या बाटल्यांपासून केलेलं असतं. आणि व्हिस्कोज-पॉलिस्टर एकत्र पिळलं की पुढे ते वेगळं करणं फार अवघड.

लेबलवर विश्वास नसेल तर आतल्या शिवणीतून एक-दोन धागे काढा, चिमट्यात धरा आणि सिंकवर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो, मऊ करडी राख होते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला टणक काळा मणी उरतो. सईच्या धाग्याला जळल्या कागदाचा वास आला आणि मणीही उरला. म्हणजे आतलं लेबल खरं होतं.

‘१०० टक्के कॉटन’ वाचूनही थांबू नका. एका टी-शर्टला २,७०० लिटर पाणी लागतं हा आकडा सगळीकडे छापतात. तो जागतिक सरासरीचा आहे. विदर्भातला कापूस मुख्यतः कोरडवाहू, पावसावरचा. त्याला तो आकडा लावून काही कळत नाही. तिथला प्रश्न फवारणीचा आहे. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर कीटकनाशकाच्या विषबाधेनं गेले. म्हणून कापसाच्या बाबतीत मी पाण्याआधी विचारते: कापूस कुठल्या भागातला, आणि सेंद्रिय म्हणत असाल तर कोणी तपासला?

आता शिवण बघा. आमच्याकडे शिंपी शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतात. माया बोटभर असेल तर कपडा उसवून सैल करता येतो, दुरुस्त करता येतो. या कुर्त्यात ती ओव्हरलॉकच्या टाक्याएवढीच होती. शिवण दोन्ही हातांनी ताणून बघा, टाक्यांमधून उजेड दिसला तर दहा-पंधरा धुण्यांत ती उघडणार. बटणाखाली आणि काखेत हात फिरवा. जो कपडा वर्षभर टिकत नाही, त्याच्या तंतूबद्दलची चर्चा मला फार पुढे न्यावीशी वाटत नाही.

प्रमाणपत्र कशाचं आहे ते आधी समजून घ्या

‘सर्टिफाइड’ हा शब्द एकट्यानं काही सांगत नाही. प्रत्येक चिन्हाचा आवाका वेगळा असतो.

ओको-टेक्स स्टँडर्ड १०० हे चिन्ह सांगतं की तयार कापडात घातक रसायनं ठरावीक मर्यादेच्या आत आहेत. तुमच्या अंगाला ते सुरक्षित आहे, एवढाच त्याचा अर्थ. शेतात काय झालं, शिलाईच्या बाईला किती मिळाले, हे त्यात येत नाही. लहान बाळाच्या कपड्याला ते जरूर बघावं.

ओसीएस सांगतं की कपड्यात सेंद्रिय तंतू खरोखर आहे. रंगाई आणि मजुरी त्याच्या कक्षेबाहेर. जीआरएस हे पुनर्वापर केलेल्या तंतूसाठी आहे. जीओटीएस (ग्लोबल ऑरगॅनिक टेक्स्टाइल स्टँडर्ड) या सगळ्यांत कडक: कमीत कमी ७० टक्के सेंद्रिय तंतू हवा, आणि नुसतं ‘ऑरगॅनिक’ म्हणायचं तर ९५ टक्के. शिवाय रंग, रसायनं, सांडपाणी आणि कामगारांबद्दलच्या अटी. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जिनिंगपासून (कापसातली सरकी काढण्यापासून) शिलाईपर्यंत साखळीतला प्रत्येक टप्पा प्रमाणित असावा लागतो. कापड प्रमाणित गिरणीतलं पण शिलाई दुसरीकडे, अप्रमाणित जागी झाली, तर त्या कपड्यावर जीओटीएसचं चिन्ह लावता येत नाही. ब्रँड नेमके इथे ‘जीओटीएस फॅब्रिक वापरलं आहे’ असं मोघम वाक्य टाकतात. ते मी मोजत नाही.

तपासायचं असं: चिन्हाच्या शेजारी प्रमाणित करणाऱ्या संस्थेचं नाव आणि परवाना क्रमांक छापलेला असला पाहिजे. तो क्रमांक जीओटीएसच्या संकेतस्थळावरच्या खुल्या यादीत टाका. ओको-टेक्सच्या लेबलचा क्रमांकही तसाच तपासता येतो. समोर आलेलं नाव ब्रँडचं आहे की भलत्याच गिरणीचं? मुदत संपली आहे का? यादीत कोणत्या प्रकारचा माल दिला आहे? होजियरीसाठी घेतलेलं प्रमाणपत्र साडीच्या पानावर लावलेलं मी पाहिलं आहे. सईच्या टॅगवर ‘सर्टिफाइड’ होतं, पण क्रमांक नव्हता. क्रमांक नसेल तर प्रमाणपत्र नाही असंच धरा.

क्रमांक असला तरी मनात दोन गोष्टी ठेवा. २०२० मध्ये जीओटीएसनंच जाहीर केलं की भारतात खोट्या कागदपत्रांवर सुमारे २० हजार टन कापूस सेंद्रिय म्हणून प्रमाणित झाला होता; काही कंपन्यांवर त्यांनी बंदी घातली. दुसरी गोष्ट कराचीची. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात आग लागली, बाहेर पडायचे दरवाजे बंद होते, अडीचशेहून जास्त माणसं गेली. त्या कारखान्याला आगीच्या काही आठवडे आधीच कामगारांच्या हक्कांबद्दलचं एसए८००० हे प्रमाणपत्र मिळालं होतं.

असं कसं होतं, ते मी स्वतः पाहिलं आहे. आमच्याकडे ऑडिट असलं की आदल्या दिवशी जिन्यातले खोके हलायचे, अग्निशामक पुसले जायचे, मुलींना काय विचारतील आणि काय उत्तर द्यायचं ते सांगितलं जायचं. ओव्हरटाइमची वही वेगळी असायची. मी त्या तयारीत होते. खोके हलवायला मीच माणसं पाठवली आहेत. त्या मुलींसमोर मी तेव्हा गप्प राहिले, हे मला आजही लागतं, आणि हे सगळं लिहायचं एक कारण तेच आहे. म्हणून प्रमाणपत्राला मी सुरुवात मानते, त्यापुढचे प्रश्न विचारावेच लागतात.

कारखान्याचं नाव मागा

ढाक्याजवळ सावरला २४ एप्रिल २०१३ ला राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. १,१३४ माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेनं आपली माणसं घरी पाठवली, शिलाईवाल्यांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. नंतर ढिगाऱ्यातून लेबलं गोळा करून कोणाकोणाचा माल तिथे शिवला जात होता ते सिद्ध करावं लागलं, कारण काही ब्रँडनाच आपला माल तिथे होता हे सांगता येत नव्हतं. त्याच वर्षी कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यात ‘अकॉर्ड’ हा कायदेशीर बंधनकारक करार झाला. कारखान्यांची तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करायची आणि अहवाल सगळ्यांना बघायला खुले ठेवायचे. परदेशी ब्रँड बघत असाल तर त्याचं नाव या कराराच्या यादीत आहे का, हे दोन मिनिटांत कळतं.

नायकीनं २००५ मध्ये आपल्या कारखान्यांची यादी छापली, तेव्हापासून ‘यादी दिली तर स्पर्धक पळवतील’ या सबबीत दम उरलेला नाही. ब्रँडच्या संकेतस्थळावर ‘सप्लायर लिस्ट’ शोधा. ओपन सप्लाय हब या खुल्या नकाशावरही कारखान्याचं किंवा ब्रँडचं नाव टाकून बघता येतं. यादी मिळाली तर ती किती मागे जाते ते बघा. बहुतेक जण शिलाईच्या कारखान्यावर थांबतात. रंगाई, विणाई, सूतगिरणी यांची नावं देणारा ब्रँड माझ्या लेखी खूप पुढे आहे. तामिळनाडूच्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाखाली कोवळ्या मुलींना तीन वर्षांच्या करारावर, शेवटी लग्नासाठी एकरकमी पैसे देऊ असं सांगून ठेवून घ्यायचे. शिलाईच्या कारखान्यापर्यंतच बघणाऱ्याला त्या मुली दिसल्याच नाहीत.

सईच्या ब्रँडच्या संकेतस्थळावर ‘आमचे कारागीर’ असं पान होतं. हसऱ्या चेहऱ्याच्या एका बाईचा फोटो, तिच्या हातात सुई. कारखान्याचं एकही नाव नव्हतं.

मजुरी: ‘किमान वेतन देतो’ हे उत्तर पुरेसं नाही

१९५७ च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत किमान वेतन ठरवायचे निकष ठरले. कमावणाऱ्यामागे तीन माणसांचं खाणं, माणशी २,७०० कॅलरी, घरभाडं, इंधन, आणि कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यात मुलांचं शिक्षण, औषधपाणी वगैरेंसाठी २५ टक्के जोडायला सांगितलं. प्रत्यक्षात राज्यं जे दर जाहीर करतात ते या हिशेबाच्या पुष्कळ खाली राहतात. शिवणकामाचा दर तुमच्या राज्याच्या कामगार विभागाच्या संकेतस्थळावर मिळतो. तो एकदा वाचा आणि त्यात आपलं महिन्याचं घर चालवून बघा, खोलीच्या भाड्यासकट. म्हणून ब्रँड ‘जगण्यापुरतं वेतन’ म्हणजे लिव्हिंग वेज म्हणत असेल, तर रुपयांत किती आणि कुठल्या वर्षापर्यंत किती कारखान्यांत, हे दोन आकडे मागा. आकडे नसले तर तो शब्द सोडून द्या.

आपल्याकडच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा ब्रँड असेल तर एक फार उपयोगी कागद आहे, आणि तो ग्राहक कधी उघडत नाहीत. सेबीनं बाजारमूल्यानं पहिल्या एक हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘बीआरएसआर’ नावाचा, सामाजिक जबाबदारी आणि शाश्वततेबद्दलचा अहवाल सक्तीचा केला आहे. वार्षिक अहवालाला तो जोडलेला असतो. त्यात तत्त्व ५ खाली किती कामगारांना किमान वेतनाएवढं आणि किती जणांना त्याहून जास्त मिळतं, त्याचा तक्ता आहे, बायका आणि पुरुष वेगळे. तत्त्व ३ खाली पीएफ आणि ईएसआयचे आकडे. पहिल्या भागात कामगार सोडून जाण्याचं प्रमाण. हे बघून मग एक गोष्ट ताडून बघा: कामगारांची एकूण संख्या आणि विकलेला माल यांचा मेळ बसतो का? सईच्या ब्रँडच्या मालक कंपनीचा अहवाल आम्हाला मिळाला. सगळ्यांना किमान वेतनाहून जास्त, असं त्यात होतं. पण ती सगळी माणसं दुकानांतली आणि ऑफिसातली. शिलाई बाहेर जॉबवर्कनं होते, आणि ती शिवणारी माणसं त्या तक्त्यात कुठेच नव्हती. बटणं लावणाऱ्या आणि धागे कापणाऱ्या घरकामगार बायका तर आणखी लांब.

कारखान्यात युनियन आहे का, हाही मजुरीचाच प्रश्न आहे. तामिळनाडूतल्या दिंडीगुल जिल्ह्यातल्या एका कारखान्यात काम करणाऱ्या एका दलित मुलीचा २०२१ च्या जानेवारीत खून झाला, तिच्या सुपरवायझरकडून. त्यानंतर २०२२ मध्ये दलित बायकांनी चालवलेली तिथली संघटना, कारखान्याची मालक कंपनी ईस्टमन एक्स्पोर्ट्स आणि एच अँड एम यांच्यात करार झाला. लाइनवर कामगार बायकांनाच प्रशिक्षण देऊन छळाच्या तक्रारी नोंदवायची जबाबदारी दिली गेली. ऑडिटर वर्षातून एकदा येतो, त्या बायका रोज तिथे असतात. असा करार कुठल्या ब्रँडनं केला असेल तर मी तो कुठल्याही चिन्हापेक्षा जड मानते.

पैसे किती दिवसांनी?

माझे वडील, आण्णा, नवीन व्यापाऱ्याचं काम घ्यायच्या आधी त्याच्याकडे आधी विणणाऱ्या दोघा-तिघांना जाऊन भेटायचे. मजुरीचा दर विचारायचे नाहीत, तो बाजारात सगळ्यांना माहीत असायचा. ते विचारायचे, “पैसं किती दिवसानं येत्यात?” पंधरा दिवसांत देणारा पिकाला पैसा कमी देत असला तरी त्याचं काम घ्यायचे. एका व्यापाऱ्यानं आमचे पाच महिन्यांचे पैसे अडकवले, तेव्हा आण्णांनी वहिफणीवाल्याची (ताण्याचे धागे मागासाठी ओवणाऱ्याची) मजुरी देण्यासाठी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या. मी नववीत होते.

ब्रँड आणि कारखाना यांच्यातही हेच चालतं. ब्रँड पैसे उशिरा देतो, सँपल मंजूर करायला उशीर करतो, शेवटच्या क्षणी रंग बदलतो, पण बोटीची तारीख हलत नाही. एकदा आम्हाला मंजुरी अठरा दिवस उशिरा आली. तारीख तीच राहिली, कारण चुकली तर विमानानं माल पाठवायचा खर्च कारखान्याच्या नावावर. ते अठरा दिवस कुणी भरून काढले? लाइनचं ताशी टार्गेट वाढलं, दोन रविवार गेले, पाळीत पाणी पिणं कमी करून बायकांनी बाथरूमला जाणं टाळलं. त्या ब्रँडची आचारसंहिता कारखान्याच्या दाराशी कन्नडमध्ये लावलेली होती.

म्हणून माझ्या पद्धतीत हा प्रश्न सगळ्यात वर आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून आयकरातही असे थकवलेले पैसे ते प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून धरता येत नाहीत. ज्या बीआरएसआरबद्दल वर लिहिलं, त्यातच तत्त्व १ खाली देणी सरासरी किती दिवसांनी चुकवली जातात तो आकडा असतो, आणि तत्त्व ८ खाली एकूण खरेदीत लघुउद्योगांचा वाटा किती, तोही. सगळे पुरवठादार लघु नसतात, तेव्हा ४५ च्या पुढचा आकडा म्हणजे कायदा मोडलाच असं नाही. पण दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडा. सईच्या कुर्त्याच्या कंपनीचा आकडा शंभराच्या वर होता आणि दर वर्षी वाढत होता.

परदेशी ब्रँडसाठी २०२० साल बघा. करोनात बांगलादेशातल्या अब्जावधी डॉलरच्या ऑर्डरी रद्द झाल्या किंवा अडकल्या. त्यातला बराच माल शिवून तयार होता. कुणी नंतर पूर्ण पैसे दिले आणि कुणी नाही, याच्या याद्या कामगारांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी तेव्हा जाहीर केल्या होत्या. त्या अजून शोधून वाचता येतात.

रंग कुठे होतो

माझ्या लहानपणी काळ्या ओढ्याला रोज वेगळा रंग असायचा, आणि तो ओढा पंचगंगेला मिळतो. त्यामुळे रंगाईबद्दल मी कठोर आहे. तामिळनाडूतल्या तिरुप्पूरमध्ये नोय्यल नदी इतकी बिघडली की २०११ च्या जानेवारीत मद्रास उच्च न्यायालयानं तिथली रंगाई युनिटं बंद करायला लावली. त्यानंतर सांडपाणी बाहेर न सोडता सगळं पाणी शुद्ध करून परत वापरायची यंत्रणा उभारावी लागली. ती चालवायला खर्च येतो, आणि म्हणून स्वस्त रंगाई दुसरीकडे सरकत राहते. ब्रँडला एकच विचारा: रंगाई कुठल्या युनिटमध्ये होते? नाव मिळालं तर त्याला प्रदूषण मंडळाची संमती आहे का, ते पुढे तपासता येतं. ‘नैसर्गिक रंग’ म्हणत असतील तर रंग पक्का करायला कुठला क्षार वापरता, हेही विचारा.

शब्द आणि प्रमाण

‘कॉन्शस’, ‘इको’, ‘ग्रीन’ असं नाव दिलेलं कलेक्शन दिसलं की ब्रँडच्या एकूण मालात त्याचा वाटा किती ते विचारा. नेदरलँड्सच्या ग्राहक प्राधिकरणानं २०२२ मध्ये एच अँड एम आणि डेकॅथलॉनला असे शब्द काढायला किंवा सुधारायला लावले होते. आपल्याकडेही ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नियमावली काढली आहे: ‘सस्टेनेबल’, ‘नॅचरल’, ‘इको-फ्रेंडली’ असं म्हणायचं तर पुरावा हवा आणि तो ग्राहकाला सहज मिळाला पाहिजे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक. बांबूच्या टॅगचा आणि आतल्या लेबलचा फोटो जोडून सईनं तक्रार नोंदवली आहे.

लहान ब्रँडला हीच पट्टी लावू नका

चार मशिनांवर कपडे शिवून विकणाऱ्या बाईला जीओटीएसचा खर्च परवडत नाही. तिच्याकडे प्रमाणपत्र नाही म्हणून तिला खाली ढकलणं अन्याय आहे. तिला थेट विचारता येतं, जमलं तर जाऊन बघता येतं. हातमागाचं म्हणून विकत असेल तर हँडलूम मार्क बघा. हाती विणलेली पैठणी असेल तर पदर उलटा करा, नक्षी दोन्हीकडून सारखी स्वच्छ दिसते.

पण एक आग्रहानं सांगते. ‘हातमाग म्हणजे चांगलं, यंत्रमाग म्हणजे वाईट’ अशी सोपी विभागणी काही ब्रँड करतात. सहा मागांच्या खडखडाटात दोन पाळ्या उभा राहणारा कामगारही हातानंच तुटलेला धागा जोडतो. त्याला वेळेवर पैसे देणारा ब्रँड असेल तर यंत्रमागाचं कापड मी आनंदानं घेईन.

मेल लिहा

हे सगळं संकेतस्थळावर मिळत नाही, म्हणून शेवटी मेल. टॅगवर ग्राहकसेवेचा पत्ता असतो. आम्ही पाचच प्रश्न विचारले. हा कपडा कुठल्या कारखान्यात शिवला? कापड कुठे रंगवलं? शिवणाऱ्यांना महिन्याचा पगार आहे की पीसरेट (नगामागे मजुरी), आणि साधारण किती? पुरवठादाराला माल पोचल्यापासून किती दिवसांत पैसे देता? प्रमाणपत्राचा क्रमांक काय? विशिष्ट कपड्याचा स्टाइल कोड टाका, म्हणजे सगळ्यांना पाठवायचं ठरलेलं उत्तर देणं त्यांना अवघड जातं. उत्तरात ‘माहीत नाही’ आलं तर ते वाईट धरू नका. साखळीत कुठपर्यंत आपल्याला माहीत आहे हे प्रामाणिकपणे सांगणाऱ्याशी पुढे बोलता येतं.

कुर्त्याच्या ब्रँडचं उत्तर नवव्या दिवशी आलं. ‘आम्ही सर्व लागू कायद्यांचे पालन करतो आणि शाश्वततेला महत्त्व देतो.’ पाचपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. सईनं कुर्ता परत केला.

हीच मेल आम्ही पुण्यातल्या एका छोट्या ब्रँडलाही पाठवली होती. तिथून दोन दिवसांत उत्तर आलं: शिलाई आमच्याच जागेत, चौदा जणी, महिन्याच्या पगारावर, आणि पगाराचा आकडा. कापड तामिळनाडूतल्या इरोडहून येतं. रंगाई कुठे होते ते गिरणीला विचारून सांगतो. कापूस कुठल्या शेतातला, ते आम्हाला माहीत नाही. कापडाचे अर्धे पैसे आगाऊ, उरलेले माल आल्यावर तीस दिवसांत. पुढच्या आठवड्यात रंगाई युनिटचं नावही आलं.

ती मेल मी आण्णांना फोनवर वाचून दाखवली. ते आता ७८ वर्षांचे आहेत, माग केव्हाच विकले. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, “तीस दिवसाचं तो देणारा सांगतोय. ज्याला मिळत्यात त्यानं सांगू दे.” सईनं इरोडच्या गिरणीचा नंबर मागवला आहे. सोमवारी ती फोन करणार आहे.